वाचक विचारतात : स्कॉटलंडात गाडी मी चालवू का?

प्रश्न : वय ६३. दापोली तालुक्यात बागायत आहे, हर्णैच्या वाटेवर रोज गाडी मीच चालवतो. मुलगा ॲबरडीनला असतो, त्याच्याकडे लायसन्स नाही. मे महिन्यात आम्ही दोघं तिकडे जातोय. चार वर्षांच्या नातवाला घेऊन स्काय बेटावर जायचं मनात आहे. भाड्याची गाडी घेऊन मी चालवू का? मुलगा म्हणतो, ‘बाबा, नको ती जोखीम.’
– एक वाचक, दापोली

उत्तर : काका, जरूर चालवा. तिकडेही डावीकडूनच चालवतात, स्टिअरिंगही उजवीकडेच. पाहुण्याला आपलं लायसन्स तिथे वर्षभर चालतं. तरी रत्नागिरीच्या आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून ठेवा. काही कंपन्या मागतात. फी १००० रुपये, मुदत जास्तीत जास्त वर्षाची. वयाची अट मात्र बुकिंगआधीच विचारा, ती प्रत्येक कंपनीची वेगळी. क्रेडिट कार्ड तुमच्या स्वतःच्या नावाचं हवं. अनामत रक्कम त्यावर अडकवून ठेवतात आणि मुलाचं कार्ड बहुतेक ठिकाणी घेत नाहीत. नातवाची सीटही तेव्हाच सांगा. १२ वर्षं किंवा १३५ सेंटिमीटर उंची, यातलं जे आधी होईल तोवर ती सक्तीची आहे.

माझी मुलगी तिकडेच असते आणि स्कायवर मी स्वतः गाडी चालवली आहे. वेळणेश्वरच्या उतारावर हात बसलेल्या माणसाला तिथले अरुंद रस्ते जड जात नाहीत. बदलायची असते ती सवय. एका गाडीपुरताच रस्ता, आणि थोड्या थोड्या अंतरावर बाजूला काढलेली जागा, तिच्यावर ‘पासिंग प्लेस’ची पाटी. समोरून गाडी दिसली आणि जागा डावीकडे असेल, तर आत शिरायचं. उजवीकडे असेल तर ओलांडून जायचं नाही. तिच्यासमोर आपल्याच बाजूला थांबायचं, समोरचा आत वळून निघून जातो. चढ चढून येणाऱ्याला शक्यतो आधी सोडायचं. मागून कुणी घाईत असेल तर त्यालाही. फोटो काढायला तिथे गाडी लावू नका, कितीही मोह झाला तरी.

आणि अप्पर-डिप्पर! आपल्याकडे तो मारला की ‘थांब, मी येतोय’. तिथे बहुतेकदा ‘तुम्ही या, मी थांबलोय’. हा फरक मनात पक्का करूनच निघा. वळणावर हॉर्न देत जायची आपली रीत तिथे नाही. वाट दिली की समोरचा स्टिअरिंगवरून एक बोट उचलतो, तुम्हीही उचला. गोल चौकात उजवीकडून येणाऱ्याचा मान पहिला.

गाडी ताब्यात घेताना पोर्चमधल्या अंधारात सही करू नका, उजेडात बाहेर आणा. चारही चाकांच्या रिम, काच, बंपर, पेट्रोलचा काटा, सगळ्याचा व्हिडिओ काढा. विमा ‘भाड्यात आहे’ म्हणतात, पण नुकसानीचा पहिला मोठा हिस्सा बहुधा आपल्याच माथी असतो, आणि टायर-काच त्यात नसते. रस्त्यावरच्या खडीने काच तडकणं तिथे सहज होतं, म्हणून हे दोन प्रश्न काउंटरवर विचाराच. पंपावर हिरवी नळी पेट्रोलची, काळी डिझेलची.

ॲबरडीनहून एका दमात स्काय गाठू नका, इन्व्हरनेसला मुक्काम करा. मे महिन्यात तिथे रात्री नऊलाही उजेड असतो, त्यामुळे उशीर झाला म्हणून वेग वाढवायची गरज पडणार नाही.