कपाशीची लव आणि हरभऱ्याची आंब

शेजारशेजारच्या दोन वाणांच्या कपाशीवर एकाच वेळी तुडतुडे आले, तरी एकाची पाने कडेने पिवळी-लाल होऊन आकसली आणि दुसऱ्याची हिरवीच राहिली, हे कशामुळे, आणि असा वाण लावल्यास फवारणी सोडता येईल का, असे आपण विचारले आहे.

कपाशीत याचे कारण बहुधा पानाच्या खालच्या बाजूची लव असते. तुडतुड्याची मादी पानाच्या शिरेत अंडी घालते. शिरेवरची लव दाट आणि लांब असली, की तिला अंडी घालणे अवघड जाते आणि पिलांनाही रस शोषताना अडथळा होतो. दोन्ही वाणांची पाने उलटून साध्या भिंगाखाली धरा, फरक दिसेल. मात्र हीच लव पांढऱ्या माशीच्या पथ्यावर पडते. त्यामुळे नुसते ‘प्रतिकारक वाण’ म्हणणे मला अपुरे वाटते. कोणत्या किडीला प्रतिकारक, हे विचारलेच पाहिजे.

हरभऱ्याचे संरक्षण तर हाताला जाणवते. पहाटेच्या दवात झाडांवरून स्वच्छ फडके फिरवून पिळले, की आंब, म्हणजे झाडाचा आंबट स्राव, मिळते. पाने, देठ आणि घाट्यांवरील सूक्ष्म केसांतून स्रवणारी मॅलिक व ऑक्झॅलिक आम्ले तिच्यात असतात, आणि त्यांच्यामुळेच या पिकाच्या वाटेला फार थोड्या किडी जातात. घाटेअळी मात्र या आंबटपणाला सरावलेली आहे. तरीही ऑक्झॅलिक आम्ल जास्त असलेल्या वाणांवर तिची वाढ मंदावते, आणि जी अळी जास्त दिवस लहान राहते ती पक्ष्यांना व परोपजीवी कीटकांना बळी पडण्याची शक्यताही वाढते. अवकाळी पावसाने आंब धुऊन गेली, तर काही काळ हे कवच उरत नाही.

काही संरक्षण किडीने चावा घेतल्यानंतरच उभे राहते. टोमॅटोचे पान कुरतडले गेले, की त्याच झाडाच्या इतर पानांतही कीटकाच्या पचनात अडथळा आणणारी प्रथिने तयार होतात, हे ग्रीन आणि रायन या शास्त्रज्ञांनी १९७२ मध्ये दाखवले.

फवारणी पूर्णपणे सोडता येईल, असे मी सांगणार नाही; ठरावीक दिवसांनी डोळे झाकून केली जाणारी फवारणी मात्र नक्की सोडता येईल. युरियाचा जादा हप्ता टाळा, कारण त्याने पाने लुसलुशीत होतात आणि लवदार वाणावरही तुडतुडे वाढतात. दर आठवड्याला शेतात ठिकठिकाणची झाडे निवडून पाने उलटून पाहा, आणि सरासरी पानामागे २ ते ३ तुडतुडे दिसेपर्यंत पंप बाहेर काढू नका.