माका-जास्वंदाच्या तेलाने पुढचे केस परत येतील का?

प्रश्न: डॉक्टर, वय 29, वेंगुर्ल्याला असतो. कपाळाच्या दोन्ही बाजूंनी केस मागे सरकत चाललेत, वडिलांचंही असंच झालेलं. आई माका-जास्वंद घालून खोबरेल कढवून देते, मित्र म्हणतो कांद्याचा रस लाव. काय खाऊ, काय लावू?

उत्तर: वर्णनावरून हे पुरुषांमधलं आनुवंशिक टक्कल वाटतंय, यात डीएचटी नावाच्या हार्मोनमुळे केसाचं मूळ हळूहळू बारीक होत जातं, त्यामुळे नुसत्या तेलाने गेलेले केस परत येत नाहीत हे आधीच स्पष्ट सांगते. आईचं तेल जरूर लावा, खोबरेलाने केस कमी तुटतात, आणि विहिरीचं पाणी मचूळ असेल तर राठ झालेल्या केसांना ते हवंच. कांद्याचा रस मात्र टाळूला झोंबतो, कुणाकुणाला पुरळ येते, मी तरी नको म्हणेन.

खाण्याचं म्हणाल तर महागड्या पावडरी कशाला, बांगडा, तारली, अंडी, कुळथाची पिठी, पालेभाजीवर लिंबू पिळा म्हणजे त्यातलं लोह अंगी लागतं, आणि जेवल्या जेवल्या चहा नको. पण आहाराने फरक पडतो तो मुख्यतः अंगात काही कमी असेल तेव्हाच. डेंगी-टायफॉइडनंतर दोन-तीन महिन्यांनी मुठीमुठीने गळणारे केस बहुतेकदा आपोआप येतात, तुमचं तसं दिसत नाही. त्वचारोगतज्ज्ञांना लवकर दाखवा, ते सांगतील तर फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा) आणि थायरॉइड तपासा. मिनॉक्सिडिल हे टाळूला लावायचं केसांचं औषध रोज लावलं तरी फरक कळायला 4 ते 6 महिने जातात, आणि बंद केलं की पुन्हा गळती सुरू, तेव्हा ते त्यांच्या सल्ल्यानेच घ्या.