होल्टर लावून धार काढली तर चालेल का?

प्रश्न : आमचे आप्पा ६८ वर्षांचे आहेत, दोन महिन्यांत तीनदा चक्कर आली, एकदा तर गोठ्यातच पडले. ईसीजी नॉर्मल आला. आता डॉक्टरांनी २४ तासांचं होल्टर (हृदयाचे ठोके सतत नोंदवणारं, अंगावर लावायचं मशीन) लावायला सांगितलंय. त्या दिवशी त्यांना झोपवूनच ठेवायचं का? भावाने स्मार्टवॉच पाठवलंय, त्याच्यावर नाही का भागणार?
– एक वाचक, सांगली

उत्तर : अहो, झोपवू अजिबात नका! साधा ईसीजी दहा सेकंदांचा, म्हणजे दहा-बारा ठोके, आणि हृदय दिवसात ठोके टाकतं लाखभर. गडबड त्या उरलेल्या ठोक्यांत कुठेतरी असली तर ती पकडायला मशीन अंगावर हवं आणि माणूस रोजच्या कामात हवा. माझ्याकडे एक काका आलेले, मशीन बिघडेल या भीतीने दिवसभर खुर्चीत बसून राहिले, रिपोर्ट एकदम स्वच्छ. परत लावलं, म्हटलं धार काढा, जिना चढा, भांडायचं असेल तर भांडा. पहाटे धार काढून उठताना तीन सेकंदांहून मोठा पॉज, म्हणजे दोन ठोक्यांमधला खंड, सापडला, पुढे पेसमेकर (ठोके चुकले तर हृदयाला ठोका द्यायला लावणारं यंत्र) बसला.

आप्पा कुरकुर करतील, तर त्यांना सांगा की अमेरिकेत मोंटानातल्या नॉर्मन होल्टरचं पहिलं यंत्र पाठीवर बांधायला लागायचं, वजन ३८ किलोच्या आसपास, म्हणजे ज्वारीचं अर्धं पोतंच की! १९६१ साली त्याने ही पद्धत 'सायन्स' या विज्ञानाच्या नियतकालिकात मांडली. आताचं मशीन खिशात मावतं.

सोबत त्रासाची नोंद करायला एक कागद मिळेल, तो मात्र आप्पांवर सोडू नका, तुम्ही लिहा. "बरं वाटत नव्हतं" असं नको, "५.४०, धार काढून उठले, डोळ्यापुढे अंधारी" असं वेळेसकट पाहिजे, कारण डॉक्टर ती वेळ मशीनने नोंदवलेल्या ठोक्यांच्या पट्टीवर शोधून बघतात. मशीनला बटण असेल तर त्रास होताक्षणी दाबायचं.

घड्याळ वाईट नाही, पण बहुतेक घड्याळं मनगटावर उजेड टाकून नाडी मोजतात, आणि ज्यात ईसीजी असतो तिथे दुसऱ्या हाताचं बोट घड्याळावर ३० सेकंद धरून बसावं लागतं. चक्कर येऊन पडणारा माणूस बोट धरून बसणारे का?

आंघोळ आधीच उरकून घ्या, छातीला तेल-पावडर काही नको, मशीनच्या तारांच्या चिकटवलेल्या चकत्या सुटतात. छातीवर केस असतील तर टेक्निशियन काढेल, आप्पांना आधीच कल्पना द्या. आणि पुन्हा शुद्ध हरपून पडले तर रिपोर्टच्या तारखेची वाट बघू नका, सरळ दवाखान्यात न्या.