कथाबीज शोधणाऱ्या नवोदितास

विषय सुचत नाही, ही तुमची तक्रार मला पूर्णपणे पटत नाही, कारण कोकणातल्या हर्णै बंदरावर संध्याकाळी मासळीचा लिलाव चालू असताना तासभर उभे राहिले, तरी दोन कथांचा ऐवज हाती लागतो. मात्र तेथे काय घडले यापेक्षा कोणाला काय हवे आहे आणि ते का मिळत नाही, हे पाहावे. पावसाळ्यात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते, ही झाली माहिती. त्या ६१ दिवसांत घरी बसलेल्या तांडेलाने, म्हणजे नौकेच्या प्रमुखाने, बायकोकडे चहापुरते पैसे मागताना नजर चुकवली, की कथा सुरू होते.

माझी पहिली कथा एका संपादकांनी परत पाठवली होती. तिची पहिली दोन पाने नारळी-पोफळी आणि लाल मातीच्या वर्णनात गेली होती व माणूस तिसऱ्या पानावर उगवत होता. तेव्हा राग आला. आज त्यांचेच बरोबर वाटते.

वर्णन वस्तूतून करावे. सातबाऱ्यावर अकरा नावे असलेले घर, गणपतीपुरते उघडून चाकरमान्यांनी पुन्हा लावलेले कुलूप, आणि ते गंजू नये म्हणून त्यावर गुंडाळलेली प्लास्टिकची पिशवी. ती पिशवी कोणी बांधली, एवढाच प्रश्न घेऊन लिहायला बसावे.

संवादात बोली जपून वापरावी. रत्नागिरीकडची बोली म्हणजे मालवणी नव्हे. शेजाऱ्याची हकिकत जशीच्या तशी उतरवू नये, कारण गाव लहान असते. पहिला खर्डा आठवडाभर बाजूला ठेवून मग मोठ्याने वाचावा.