घोडीचे रक्त वाचण्याआधी

रेवदंडा

चि.,

एकाच घोडीचा हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशींचा टक्का, सोमवारी 38 आणि बुधवारी 49 आला, त्यातला खरा कोणता आणि लोहाचे इंजेक्शन द्यावे का, असे तू विचारतेस. दोन्ही आकडे खरे आहेत. रक्त काढताना घोडी कशी होती, याविषयी मात्र तुझ्या पत्रात अवाक्षर नाही, आणि माझा राग त्यावर आहे.

घोड्याची प्लीहा, म्हणजे आपली पानथरी, हे तांबड्या पेशींचे कोठार असते. घोडा नुसता बिचकला तरी ती आकसते आणि राखलेल्या पेशी रक्तात सोडते. निवांत असताना 35 ते 45 टक्क्यांत असणारा हा आकडा भरधाव दौडीत 60 च्याही वर जातो, आणि म्हणूनच स्नायूंना तेवढा प्राणवायू पुरतो. बुधवारी शेजारच्या ठाणात कोणी बादली आपटली असेल, तर तुझा अहवाल त्या बादलीचा आहे, घोडीचा नव्हे.

तिशीत असताना मीही 34 हा आकडा पाहून एका शांत घोड्याला महिनाभर लोह टोचले. चाऱ्यातून त्याला पुरेसे लोह मिळते आणि जास्तीचे शरीराला सहजासहजी बाहेर टाकता येत नाही, हे मला ठाऊक होते. पण शर्यत तोंडावर आली होती, मालक रोज फोन करत होता, आणि काहीच न टोचणाऱ्या डॉक्टरला तबेल्यात कोण विचारतो? घोडा मागे पडत होता तो थकलेल्या स्नायूंमुळे. कडक दौडीत संपलेले ग्लायकोजेन, म्हणजे स्नायूंतला साखरेचा साठा, पुरते भरून यायला घोड्याला दोन-तीन दिवस लागतात आणि आम्ही त्याला दिवसाआड पळवत होतो. त्याच्या पुठ्ठ्यावरून मी एकदाही हात फिरवला नव्हता.

म्हणून सांगतो, आधी घोडी पाहा. पहाटे, दाण्याआधी आणि कामाआधी, तिच्या रोजच्या मोतद्दाराला धरायला सांगून रक्त काढ. त्याआधी जबड्याखालच्या धमनीवर बोटे ठेवून नाडी मोज. ती मिनिटाला 30 ते 40 असावी. 60 भरली तर सुई खिशात ठेव आणि थांब. अलिबागच्या किनाऱ्यावर ओहोटीला उभ्या असलेल्या बग्गीच्या घोड्यांची नाडी मी अजूनही अशीच मोजतो. गाडीवाले हसतात, हसोत.

पुढचा अहवाल पाठवशील तेव्हा आकड्याशेजारी नाडी आणि वेळ लिही. तोवर लोहाची बाटली कपाटातून काढू नकोस.