तुमचा आवडता व्हिडिओ गेम कुठला, तो कोणी बनवला, आणि गेमचं संगीत तुम्ही गेम बंद असताना पण ऐकता का?

तुम्ही प्रश्नात लिहिलंय की अभ्यासाला बसताना तुम्ही गेमचं संगीत लावता आणि रूमवरची पोरं म्हणतात हे काय टिंगटिंग लावलंय, गाणी लाव की. मी ऐकते बाबा, जवळजवळ रोज ऐकते, कांदा चिरताना पण ऐकते, आणि ते टिंगटिंग नाहीये हे मला फार मनापासून सांगायचंय म्हणून उत्तर जरा लांबणार आहे.

मी मूळची मिरजेची. माझे मामा सतारीच्या कारखान्यात कामाला, त्यांचं काम जवारीचं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, सतारीची किंवा तंबोऱ्याची तार ज्या घोडीवर टेकते ना, तिचा वरचा भाग कानशीने अगदी बारीक घासून असा करतात की तार तिथे थोडी थोडी घासत राहते आणि त्या आवाजात झणझण येते, ती जवारी. स्वर तोच राहतो पण खुली जवारी असली की आवाज मोकळा आणि झणझणीत, बंद जवारी असली की गोल आणि आत दाबलेला. लहानपणापासून घरात हेच शब्द कानावर.

मग ९६ साली आमच्याकडे टीव्ही गेम आला. तो ओरिजिनल निन्टेंडो (जपानी गेम कंपनी) वगैरे नव्हता, तेव्हा सगळ्यांकडे असायची तीच चायनीज कॉपी, एक पिवळी कॅसेट, तिच्यावर ९९९९ इन वन लिहिलेलं आणि आत खरे गेम असतील पंधरा वीस, तेच परत परत. नाही चालली की काढायची, फुंकर मारायची, परत घालायची. मारिओ, काँट्रा, टँकवाला, बस. मामा एकदा दुपारी जेवायला आले आणि मी मारिओ खेळत होते तर पानावर बसल्या बसल्याच म्हणाले, "याची जवारी लईच खुली सोडलीय गं." आम्ही सगळे हसलो तेव्हा. आता कळतंय की ते शंभर टक्के बरोबर बोलत होते.

त्या टीव्ही गेमच्या मशिनमधे आवाजासाठी पाच चॅनल असतात, म्हणजे एका वेळी वाजणारे पाच वेगळे आवाज. दोन चौकोनी लाटांचे, त्यावर मुख्य चाल आणि तिची साथ, एक त्रिकोणी लाटेचा जो खालचा खर्ज धरतो, एक नुसत्या खरखरीचा ज्यातून ड्रम काढतात, आणि पाचवा रेकॉर्ड केलेला छोटा तुकडा वाजवायला. त्या त्रिकोणी चॅनलचा आवाज कमी जास्त करताच येत नाही, एकतर चालू नाहीतर बंद. आणि चौकोनी लाट किती वेळ वर राहते आणि किती वेळ खाली हे ठरवता येतं, साडेबारा टक्के, पंचवीस, पन्नास किंवा पंचाहत्तर. पर्याय चार, पण कानाला तीनच, कारण पंचवीस आणि पंचाहत्तर सारखेच ऐकू येतात. साडेबारावर आवाज बारीक आणि नाकातला, पन्नासवर पोकळ आणि गोल. स्वर तोच हां, फक्त पोत बदलतो. म्हणजे जवारीच की ही! मला हे जेव्हा पहिल्यांदा वाचायला मिळालं तेव्हा मी रात्री अकरा वाजता मामांना फोन केला होता.

आणि खरी गंमत पुढे आहे. आपल्याकडे आलेल्या त्या कॉपी मशिनपैकी बऱ्याच मशिनच्या चिपमधे पंचवीस आणि पन्नास टक्क्याची अदलाबदल झालेली असते. म्हणजे बनवणाऱ्याने जिथे गोल आवाज मागितला तिथे किरकिरा मिळतो आणि किरकिरा मागितला तिथे गोल. कॉलेजमधे इंटरनेटवर ओरिजिनल मारिओ ऐकला तेव्हा मला काहीतरी परकं वाटलं, चाल तीच, लय तीच, पण हा आपला मारिओ नाही असं वाटत राहिलं आणि का ते सांगता येईना, उत्तर कितीतरी वर्षांनी मिळालं. माझ्या पिढीतल्या कितीतरी पोरांच्या डोक्यात मारिओचा जो आवाज बसलाय तो जपानमधल्या किंवा अमेरिकेतल्या पोरांच्या डोक्यातल्या आवाजापेक्षा वेगळा आहे, आणि मला तो तितकाच खरा वाटतो.

तर बनवणारे म्हणाल तर माझ्यासाठी पहिलं नाव मारिओचा संगीतकार कोजी कोंडो. १९८४ ला निन्टेंडोत लागला, १९८५ ला सुपर मारिओ ब्रदर्स. अख्खा गेम ४० किलोबाईटचा, आज व्हॉट्सअपवर गुड मॉर्निंगचा फोटो यापेक्षा मोठा असतो, आणि त्यातलं संगीत तर त्याचा एक छोटासा कोपरा. पण बघा काय काय केलंय, जमिनीवर चालताना उड्या मारणारी चाल, जमिनीखाली गेलं की नुसता खर्ज आणि मधे मधे शांतता, आणि पाण्यात गेलं की तीन मात्रांचा वॉल्ट्झ, मी तो दादऱ्याच्या अंगाने मांडीवर मोजत बसायचे आणि हातातला मारिओ माशाला धडकायचा. वेळ शंभरच्या खाली आली की तीच चाल एकदम द्रुत होते, आठवतंय ना, हाताला घाम यायचा. अजून एक, तुम्ही उडी मारली किंवा नाणं घेतलं की त्या आवाजासाठी संगीताचाच एक चॅनल क्षणभर काढून घेतला जातो, कारण जास्तीचा चॅनलच नाही. म्हणजे तुम्ही जसं खेळता तसं गाणं मधे मधे तुटतं आणि परत जुळतं, दोन माणसं खेळली तर दोन वेगळी गाणी. २०२३ मधे अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जपून ठेवायच्या रेकॉर्डिंगच्या यादीत हे संगीत घेतलं, गेमच्या संगीतातलं ते पहिलंच. रूमवरच्या पोरांना हे सांगा.

लय वाढवण्याची ही गोष्ट त्याहून जुनी आहे. १९७८ चा स्पेस इन्व्हेडर्स, तोमोहिरो निशिकादोचा. त्यात नुसते चार उतरते स्वर आहेत, धुम् धुम् धुम् धुम्, आणि ५५ एलियन. जसजसे तुम्ही एलियन मारता तसतसे उरलेले जोरात पळायला लागतात, कारण मशिनला काढायला कमी चित्रं उरतात म्हणून ते आपोआप फास्ट होतं, आणि निशिकादोने ते तसंच ठेवलं, स्वर पण त्यांच्याबरोबर पळतात. मैफलीत विलंबित, मध्य, द्रुत असं गायक वाढवत नेतो, इथे लय वाढवणारा ऐकणारा स्वतः आहे. सिनेमाच्या गाण्यात हे कधीच होणार नाही, आणि मला गेमचं संगीत वेगळं बसून ऐकावंसं वाटतं ते यामुळेच.

काँट्राबद्दल थोडंच. वर वर खाली खाली डावं उजवं डावं उजवं बी ए, एवढी बटणं दाबली की तीस लाइफ, हे कोणाला पाठ नाही. तो कोड मुळात काँट्राचा नाही, काझुहिसा हाशिमोतो नावाच्या माणसाने १९८६ च्या ग्रेडियस या गेमसाठी घातला होता, कारण टेस्टिंग करताना त्याला स्वतःलाच तो गेम फार अवघड जात होता. २०२० मधे हाशिमोतो वारला.

नंतर शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमधे प्रिन्स ऑफ पर्शिया. याच्यावर मी तासभर बोलू शकते. जॉर्डन मेकनरने बनवला, १९८९, अॅपल टू या कॉम्प्युटरवर. त्यातला राजपुत्र जो पळतो, लटकतो, घसरतो तो त्याचा धाकटा भाऊ डेव्हिड आहे, पांढरे कपडे घालून त्याला पळायला लावलं, व्हिडिओ काढला आणि एकेक फ्रेम बघून चित्रं केली. आणि संगीत वडलांनी दिलं! फ्रान्सिस मेकनर, पेशाने मानसशास्त्रज्ञ. घरातली तीन माणसं एका गेममधे. आमच्या लॅबमधल्या कॉम्प्युटरला स्पीकर म्हणजे डब्याच्या आतला तो पीं पीं करणारा, तरी त्यातून ती चाल आली की अंगावर काटा यायचा, कारण बाकी सगळा वेळ शांतता असते, फक्त पावलांचा आवाज, दरवाजाचा कर्र, खाली पडल्याचा धप्प. संगीत मोजक्या जागी येतं. प्रिन्स मेगाहिट हा चीट कोड टाइप करून मी बाराव्या लेव्हलपर्यंत गेले होते पण मला जास्त आठवतो तो त्या अंधारातल्या पावलांचा आवाज.

शांततेवरून माइनक्राफ्ट. माझी भाची खेळते, तिच्यामुळे मला लागला. त्याचं सुरुवातीचं संगीत डॅनियल रोझेनफेल्ड नावाच्या जर्मन मुलाचं, सी फोर वन एट या नावाने तो ओळखला जातो, पहिला अल्बम २०११ चा. बराच वेळ काहीच वाजत नाही, तुम्ही खोदताय खोदताय, आणि मधेच पियानोचे चार स्वर येतात आणि जातात. लहान पोरांच्या गेममधे इतका संयम! हा अल्बम पण २०२५ मधे त्याच अमेरिकेच्या यादीत गेला. अभ्यासाला लावायचंच असेल तर पहिला हा लावा.

आता आवडता गेम एकच सांगा म्हणालात तर जर्नी, २०१२. तुम्ही वाळवंटात चालताय, लांब एक डोंगर दिसतोय, तिकडे जायचंय, बस. वाटेत एक दुसरा माणूस भेटतो, तो जगातला खरा कोणीतरी असतो, त्याचं नाव दिसत नाही, बोलता येत नाही, टाइप करता येत नाही, फक्त एक सूर काढता येतो, छोटा किंवा मोठा. मी एका अनोळखी माणसाबरोबर दीड तास नुसत्या सुरांवर चालले आणि शेवटी बर्फात दोघं हळू झालो तेव्हा मी खरंच रडले होते. संगीत ऑस्टिन विंटरीचं, आणि ते तुम्ही काय करताय त्याप्रमाणे बदलत जातं. त्यात चेलो वाजवलाय टीना ग्वोने. ग्रॅमीला नॉमिनेशन मिळालेलं गेमचं हे पहिलं पूर्ण संगीत, ग्रॅमी मिळाली नाही पण. त्याच्या आधी २०११ मधे सिव्हिलायझेशन फोर या गेमच्या बाबा येतू या गाण्याला ग्रॅमी मिळाली होती, क्रिस्टोफर टिनचं, स्वाहिली भाषेतली प्रार्थना आहे ती, गेम नाही खेळला तरी ऐका, सकाळी ऐका.

एकट्याने गेम करणाऱ्यांवर माझा फार जीव आहे. स्टारड्यू व्हॅली, एरिक बॅरोनने चारेक वर्षं एकट्याने बसून केला, चित्रं त्याची, कोड त्याचा, संगीत पण त्याचंच, चारी ऋतूंना वेगळं. टोबी फॉक्सचा अंडरटेल पण बघा, त्यात सुरुवातीला ऐकलेली साधी चाल पुढे वेगवेगळ्या रूपात येत राहते, आणि शेवटाकडे ती आली की तुम्हाला सगळं मागचं आठवतं, मी जास्त सांगत नाही, खेळा.

आणि आपल्या जवळचा गेम म्हणजे राजी. पुण्यात बनलाय, नॉडिंग हेड्स गेम्स, २०२०. २०१७ ला त्यांनी लोकांकडून पैसे उभे करायचा प्रयत्न केला होता, तो जमला नाही, तरी थांबले नाहीत. भावाला शोधायला निघालेल्या मुलीची गोष्ट, आणि गोष्ट सांगतात कोण तर दुर्गा आणि विष्णू. संगीत केलंय लिनोस त्झेलोस या ग्रीक माणसाने. मारामारी थोडी अडखळते हे मी मान्य करते, पण महाल, झरोके, भिंतीवरची चित्रं बघत त्या संगीतात नुसतं फिरायला पण मला तो चालतो, आणि शेवटी पुणे हे नाव बघून जे वाटलं ते वेगळंच.

गेमवरून सुचलेलं संगीत हवं असेल, तर हारुओमी होसोनो या जपानी संगीतकाराचा १९८४ चा अल्बम शोधा, नाम्को या कंपनीच्या गेमचं संगीत घेऊन केलेला, त्याच होसोनोच्या यलो मॅजिक ऑर्केस्ट्रा या बँडने १९७८ लाच गेमचे आवाज गाण्यात घेतले होते. आजचं हवं असेल तर अनामानागुची, न्यूयॉर्कचा बँड आहे, जुन्या निन्टेंडोच्या आवाजाबरोबर गिटार आणि ड्रम. आणि स्वतः करून बघायचं असेल तर फेमीट्रॅकर नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात तेच पाच चॅनल मिळतात. मी त्यात भूप रागाचा आरोह अवरोह बसवून बघितला, साडेबारा टक्क्यावर, खाली त्रिकोणी लाटेचा षड्ज धरून. मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, काढायला दोन रविवार गेले. मामांना ऐकवला, ते म्हणाले षड्ज बरा आहे, वरची जवारी अजून बंद कर. पन्नासवर नेला. आता बरा लागतोय.

तुमच्याकडे लहानपणी कुठलं मशिन होतं ते कमेंटमधे नक्की लिहा, आणि कॉपीवालं असेल तर ओरिजिनल मारिओ लावून एकदा सांगा, तुम्हाला पण तो परका वाटतो का?