खोललंस ते आधी बसव

प्रिय पोरी,

रविवारी तू मोबाईलवर आजोबांच्या जुन्या एमजी गाडीचे फोटो दाखवलेस आणि विचारलंस, "काका, आधी बॉडी उतरवू का इंजिन?" मी चहा पीत गप्प बसलो, तुला वाटलं असेल काका विचार करतायत. विचार नव्हता गं, पोटात गोळा आला होता. तू गेल्यावर रात्रभर झोप लागली नाही, म्हणून हे पत्र.

तुझा बेत असा की सहा महिन्यांत गाडी पार चासीपर्यंत सुटी करायची, एकेक भाग घासून रंगवायचा आणि मग नव्यासारखी जोडायची. परदेशातले लोक व्हिडिओत तसंच करतात म्हणालीस. त्यांच्याकडे लिफ्ट असते, कोरडी जागा असते, आणि मागवला की आठवड्यात सुटा भाग दारात येतो. तुझ्याकडे घराच्या बाजूची पत्र्याची शेड आणि जूनपासून कोल्हापूरचा पाऊस.

मी एकच सांगणार आहे आणि तेच तेच सांगणार आहे. जे खोललंस ते बसव, मगच पुढचं खोल.

माझी पहिली गाडी, हेराल्ड, तू पाहिली नाहीस. त्या गाडीची बॉडी तुकड्यातुकड्यांची, सगळी बोल्टने चासीवर बसवलेली. पान्याला हात लागला की माणूस थांबत नाही. मीही थांबलो नाही. पंधरा दिवसांत शाहूपुरीतल्या आमच्या शेडमध्ये चाळीस डबे झाले. बॉडी आणि चासीच्या मध्ये पातळ चकत्या असतात, कुठे एक, कुठे तीन, त्यांच्यावर दारांची फट ठरते. त्या सगळ्या मी एकाच डब्यात टाकल्या. परत जोडायला घेतली तेव्हा डावं दार लागेना, उजवं उघडेना. मग नोकरी, मग बहिणीचं लग्न, आणि डबे तिथेच. वडील शेवटच्या वर्षी दोनदा म्हणाले, "एकदा बसव की रे मला गाडीत." बसवायला सीट होती, गाडी नव्हती. २००५ च्या पुरात कुंभार गल्लीकडून पाणी आलं आणि डब्यांत गाळ भरला. उरलेलं भंगारवाल्याने किलोवर नेलं.

म्हणून सांगतो, बॉडी उतरवायची नाही. आत्ता तर नाहीच. तुझी गाडी १९५८ ची, म्हणजे एमजीए. दारं, बॉनेट आणि डिकीचं झाकण ॲल्युमिनियमचं, बाकी बॉडी पोलादी पत्र्याची. दोन धातू चिकटून असतात तिथे ओल राहिली की गंज आतून खातो, वरून कळत नाही. दाराखालच्या पट्ट्या सडल्या असतील तर दाराच्या चौकटीला आधी आडवी लोखंडी पट्टी वेल्ड करून घे आणि मगच जुनी पट्टी काप. नाहीतर बॉडी मधोमध दुमडते आणि मग कितीही पुट्टी भर, दार लागत नाही. एक बाजू पूर्ण कर, दार लावून बघ, मग दुसरी. गाडीतली पायाखालची जमीन प्लायवूडच्या फळ्यांची आहे, ती कुजली असली तरी घाबरू नकोस, आपला सुतार दोन दिवसांत करून देईल. जुन्या फळ्या मात्र नव्या बसेपर्यंत टाकायच्या नाहीत, मापं त्यांच्यावरच आहेत.

पाने नीट घे. बोल्ट इंची आहेत. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिमी, त्यावर १३ चा पाना बसल्यासारखा वाटतो आणि जोर लावला की कोपरे गोल होतात. आणि बॅटरी! सहा व्होल्टच्या दोन आहेत, सीटच्या मागे, आणि या गाडीत बॉडीला पॉझिटिव्ह जोडलेलं असतं. आपला वायरमन सवयीने उलटं जोडेल. तू समोर उभी राहा.

उद्यमनगरातल्या वर्कशॉपांत कुणीतरी म्हणेलच, "ताई, हे इंजिन टाका, दुसरं बसवू." ऐकायचं नाही. तुझं १४८९ सीसीचं इंजिन आपल्या जुन्या पेट्रोल ॲम्बॅसडरच्याच घराण्यातलं. इथल्या मेस्त्र्यांचं आयुष्य त्या इंजिनांत गेलंय. प्रत्येक भाग जसाच्या तसा बसेल असं धरू नकोस, मापून घे, पण हात त्यांचे ओळखीचे आहेत. प्लग काढून सिलिंडरमध्ये थोडं डिझेल आणि ऑइल सोड, चार दिवस ठेव, मग हाताने फिरवून बघ. फिरलं तर हेडला, म्हणजे इंजिनच्या वरच्या झाकणाला, हात लावू नकोस. पुन्हा सांगतो, चाललेलं इंजिन उघडायचं नाही.

पहिलं काम ब्रेकचं. चारही चाकांना ड्रम आहेत. एक चाक खोल, ब्रेकचा सिलिंडर बदल, बसव. मग दुसरं. चारही एकदम नाही. तुला हे हळू वाटेल. वाटू दे.

तुझी काकू अजून म्हणते, दुसऱ्या हेराल्डवर मी अकरा वर्षं घातली आणि पुढचा मडगार्ड आजही बिनरंगाचा आहे. खरं आहे. पण त्या अकरा वर्षांत गाडी जोतिबाच्या पायथ्यापर्यंत जाऊन आली नाही असे रविवार फार थोडे. रंगासाठी महिनाभर उभी करायची मला हिंमत झाली नाही, आणि मी ती चूक मानत नाही. उभी राहिलेली गाडी काय होते ते मी पाहिलंय. दसऱ्याला कोल्हापूरच्या महाराजांची जुनी मेबॅक गाडी दसरा चौकात येते तेव्हा लोक टाळ्या वाजवतात. मी फक्त ऐकतो, ती स्वतःच्या इंजिनावर आली म्हणून.

तू म्हणालीस, आजी विचारते गाडी कधी होणार. आजीचं वय मला माहीत आहे. म्हणूनच एवढं ताणून धरतोय. ब्रेक, पेट्रोलची टाकी आणि वायरिंग झालं की गाडी गल्लीत निघेल, गंजलेली का असेना. आजीला शेजारी बसव. रंग नंतर.

येत्या रविवारी सकाळी नऊला येतो, माझे इंची पाने घेऊन. तोवर दारं काढू नकोस. डाव्या दाराच्या बिजागरीचा वरचा बोल्ट काढलायस, फोटोत दिसला मला. आज संध्याकाळी परत लाव.

तुझा,
काका